रोज पावणेचारला

१

एकावन्न वेळा बंद, पन्नास वेळा चालू.

करंटबाईंनी पडद्यावरची गेल्या दोन महिन्यांची यादी वरून खाली मोजली, मग खालून वर मोजली. एक आकडा कमीच पडत होता. जे यंत्र एकावन्न वेळा बंद झालं ते एकावन्न वेळा चालू व्हायला हवं, एवढं शाळेतलं पोरही सांगेल. शेवटच्या खेपेला मात्र ते बंद झालं ते झालंच. आणि ज्यांच्या छातीत ते बसवलेलं होतं ते घड्याळकाका त्याच संध्याकाळी आपल्या खोलीत पालथे सापडले होते, कपाळाला खोक पडलेली आणि अंग गार.

यंत्र आता समोर स्टीलच्या ट्रेमध्ये होतं. अंत्यविधीआधी ते काढून घ्यावं लागतं. काड्यापेटीहून थोडं मोठं, गुळगुळीत, काहीच न घडल्यासारखं दिसणारं.

करंटबाई हे अर्थात त्यांचं खरं नाव नव्हे. कंपवाताच्या ज्या रुग्णांना गोळ्या पुरत नाहीत, त्यांच्या मेंदूत केसासारख्या तारा सोडतात आणि गळ्याच्या हाडाखाली असं यंत्र पुरतात. त्याचा करंट मेंदूत गेला की थरथरणारे हात शांत होतात. तो करंट किती द्यायचा हे ठरवायचं काम बाई सोळा वर्षं करत होत्या, म्हणून रुग्णांनीच त्यांचं हे बारसं केलं होतं. हल्ली या विषयावर जगभर संशोधन चालू आहे. नवी यंत्रं म्हणे मेंदूच्या लहरी वाचतात आणि करंट आपलाच आपण कमी-जास्त करतात. काकांचं यंत्र जुन्या पिढीतलं होतं. सांगाल तेवढं करायचं, आणि चालू-बंदच्या वेळा तेवढ्या लिहून ठेवायचं.

त्या वेळाच विचित्र होत्या. दोन महिने, रोज, पावणेचारच्या आसपास बंद. वीस-पंचवीस मिनिटांनी पुन्हा चालू. रविवारी मात्र एकदाही नाही.

मोठे डॉक्टर खुर्चीमागे येऊन उभे राहिले. त्यांनी यादी वाचली आणि चक्क सुस्कारा सोडला. विभागाचा अभ्यास चालू होता, चाळीस रुग्णांचा, आणि पुढच्या महिन्यात परिषदेत त्याचं सादरीकरण होतं. पहिलंच चित्र घड्याळकाकांच्या हाताचं होतं.

"म्हणजे यंत्र बिघडलं नव्हतं," ते म्हणाले. "कुणीतरी बंद केलं."

"दिसतंय तसंच."

"मग तसंच लिहा. उद्या संध्याकाळपर्यंत अहवाल द्या. काकांच्या मुलीला तक्रार करायचीय, तिला तो हवाय."

मुलगी बाहेर बाकावरच बसली होती. बाईंनी तिला फक्त वेळा वाचून दाखवल्या, स्वतःचं मत काही सांगितलं नाही. तिनं शांतपणे ऐकून घेतलं, पण रविवारचं ऐकल्यावर तिचे ओठ पांढरे पडले.

"रविवारी मी जाते ना बाबांकडे," ती म्हणाली. "म्हणून रविवारी नाही. बाकीचे सहा दिवस ती त्यांना रोज थोडं थोडं मारत होती."

ती म्हणजे तिची वहिनी, काकांची सून. आणि यंत्राचा रिमोट कुलपात असायचा, त्या कुलपाची किल्ली त्या सुनेच्या गळ्यात. हे करंटबाईंना कुणी सांगायची गरज नव्हती. रिमोट कुलपात ठेवा असं त्यांनीच तिला सांगितलं होतं.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई काकांच्या घरी गेल्या. खरं तर हे त्यांचं काम नव्हतं. पण रात्रभर त्यांना एकच वाक्य छळत होतं. महिन्यापूर्वी तपासणीच्या खोलीबाहेर सून भिंतीला टेकून म्हणाली होती, "आता माझ्याच्यानं होत नाही हो. एकदा सुटलं तर बरं." ते बाईंनी ऐकलं होतं, आणि दुर्दैवानं नणंदेनंही.

घर लहान होतं. पुढच्या खोलीत सुनेचं शिलाई मशीन आणि शाळेच्या गणवेशांचा ढीग, मधे स्वयंपाकघर, मागे काकांची खोली. तिचा नवरा, काकांचा मुलगा, लांब पल्ल्याच्या बस चालवायचा. काका गेले त्या दिवशी तो दुसऱ्या टोकाच्या शहरात होता. आता तो दाराशी बसून होता, आणि बायकोनं समोर ठेवलेल्या चहाला त्यानं हात लावला नव्हता. घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात. इथं तीन दिवसांत भिंतीसुद्धा तिच्याकडे पाठ करून उभ्या होत्या.

बाईंनी विचारलं ते सगळं सुनेनं सांगितलं. सहा वर्षं तिनं सासऱ्यांना घास भरवले, कारण चमचा तोंडापर्यंत पोचायच्या आत रिकामा व्हायचा. नऊ महिन्यांपूर्वी ऑपरेशन झालं आणि काका स्वतःच्या हातानं जेवू लागले. पुन्हा भिंग लावून घड्याळं उघडू लागले. बोलणं तेवढं जड झालं, जीभ लोळल्यासारखं. काय म्हणतात ते कुणाला धड कळेना. पण हात आले ना, मग बोलण्याचं काय एवढं, असं सगळ्यांनीच म्हटलं. तीन महिन्यांपूर्वी काका रिमोटशी काहीतरी करत असताना यंत्र चुकून बंद झालं. ती धावत खोलीत गेली तर काका थरथर कापत खुर्चीत बसलेले, आणि विचित्र म्हणजे हसत होते. ती घाबरली. पुढच्या तपासणीला तिनं ते करंटबाईंना सांगितलं, आणि तेव्हापासून रिमोट लोखंडी कपाटात.

"तुम्ही म्हणालात त्यांच्या हाताला लागू देऊ नका. मी नाही लागू दिला."

"त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?"

"इथेच. मशीनवर. दुपारी तीन ते पाच रोज बसते, रविवार सोडून. मशीन चालू असलं की मला मागचं काही ऐकू येत नाही. पाच वाजता चहा घेऊन गेले. पालथे पडलेले होते. खुर्ची आडवी, कपाळ पलंगाच्या कोपऱ्यावर आपटलेलं, आणि एक हात पलंगाखाली. मला वाटलं, काही काढायला वाकलेत."

रिमोटशिवाय दुसरा उपाय होता का? बाईंना तो ठाऊक होता. असलं जुनं यंत्र जोरदार लोहचुंबक छातीशी धरलं की बंद होतं, आणि पुन्हा धरलं की चालू. पण भिंतीवर त्यांच्याच विभागाचा कागद चिकटवलेला होता: घरात लोहचुंबक ठेवू नये. सुनेनं पथ्य डोळ्यांत तेल घालून पाळलं होतं. फ्रिजवरची चित्रं टाकली, कपाटाच्या दाराचं चुंबक उपटलं, पर्ससुद्धा बदलली. आणि काकांना तर ते सांगावंच लागलं नव्हतं. ऑपरेशनआधी बाईंनी हा कागद दिला तेव्हा ते हसले होते. चुंबक आमच्या धंद्याचाही वैरी, म्हणाले होते, त्याला दुकानाची पायरी चढू देत नाही मी.

म्हणजे फिरून रिमोट. फिरून किल्ली. बाईंनी सुनेच्या गळ्यातल्या दोऱ्याकडे पाहिलं, आणि तिनं त्यांची नजर ओळखली.

"विचारा की," ती म्हणाली. "सगळे विचारतायत. यांनी विचारलं नाही अजून, पण बघतात." ती दाराशी बसलेल्या नवऱ्याकडे बघून बोलत होती, आणि तो ऐकत असूनही मान वर करत नव्हता.

३

मागच्या खोलीत सगळं जागच्या जागी होतं. खिडकीशी कामाचं टेबल, त्यावर चिमटे, भिंगं आणि झाकणाच्या डब्यांत नखाएवढे स्क्रू. बाजूला लोखंडी पलंग, टेबल आणि पलंग यांच्या मधे खुर्ची. कोनाड्यात एक जुना रेडिओ.

बाईंनी सहज त्याचं बटण फिरवलं. दिवा लागला, आवाज नाही.

"आईंचा आहे," सून म्हणाली. "दोनेक महिने झाले, वाजत नाही. मी म्हटलं बाबांना, तुम्हीच करा की दुरुस्त. ते नुसते मान हलवायचे."

आई म्हणजे काकांची बायको. तिची स्मरणशक्ती गेली होती. दोन वर्षांपूर्वी ती शेगडी पेटती ठेवून घराबाहेर निघून गेली, आणि मग तिला अशाच रुग्णांच्या शुश्रूषागृहात ठेवावं लागलं. आता तिला मुलगा ओळखू येत नाही, मुलगी ओळखू येत नाही. नवरा गेल्याचंही तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं. सांगून तरी काय, दहा मिनिटांत विसरणार.

तेवढ्यात नणंद आली. ती बाईंना पाहून चपापली, मग सरळ वहिनीच्या अंगावरून पुढे आली. तिच्या मुठीत काकांचं किल्लीचं घड्याळ होतं, ते नेहमी खिशात ठेवायचे ते. आठवण म्हणून तिनं घेतलं होतं.

"अहवाल झाला?"

"संध्याकाळी देते. किती वाजले?"

तिनं मुठीतलं घड्याळ पाहिलं, कपाळाला आठी घातली आणि मग मोबाइल काढला. साडेदहा झाले होते. घड्याळात अकराला पाच कमी होते.

"हे असंच करतं," ती म्हणाली. "सकाळी सहाला किल्ली देते, वेळ लावते, की दहा वाजेपर्यंत वीस मिनिटं पुढे. बाबांचं घड्याळ एक मिनिट चुकलं तर त्यांना घास उतरायचा नाही. ते गेले आणि घड्याळही बिघडलं."

"ते गेल्यावर बिघडलं? की आधीच?"

उत्तर अनपेक्षित ठिकाणाहून आलं. दाराशी बसलेला मुलगा तीन दिवसांत पहिल्यांदाच बोलला.

"आधीच. महिन्यापूर्वी मी बसला उशीर होईल म्हणून त्यांच्या घड्याळावर निघालो, तर अर्धा तास लवकर पोचलो. मी थट्टा केली. म्हटलं, घड्याळजींच्याच घरी चुकीची वेळ. ते रागावले नाहीत. उलट घाईघाईनं घड्याळ खिशात घातलं."

ज्या माणसानं आयुष्यभर लोकांची वेळ सुधारून दिली, त्यानं स्वतःचं पळतं घड्याळ दोन महिने खिशात तसंच ठेवलं. आणि समोर बायकोचा मुका रेडिओ. ज्याच्या हाताला आता काहीही दुरुस्त करता येत होतं, त्याला ही दोनच यंत्रं दुरुस्त करावीशी वाटली नाहीत. बाई रेडिओ उचलून पाठीमागून पाहू लागल्या. झाकणाचे चार स्क्रू अगदी ताजे, चकचकीत होते.

त्यांनी झाकण उघडलं नाही. आधी त्यांना काकांचा मोबाइल हवा होता, पावणेचारला ते रोज काय करत होते ते पाहायला.

४

मोबाइलमध्ये रविवार सोडून एकच नंबर रोजचा होता. पावणेचार, शुश्रूषागृह. शेवटच्या दिवशीही. ते संभाषण एकोणीस मिनिटं चाललं होतं. घरच्यांना त्यात नवल वाटलं नव्हतं. नवरा बायकोची चौकशी करतोय, एवढंच. बाईंना मात्र एक साधा प्रश्न पडला. ज्या माणसाचं बोलणं समोर बसलेल्याला कळत नाही, तो फोनवर एकोणीस मिनिटं काय बोलतो?

शुश्रूषागृहात काकांच्या बायकोची, तिथल्या सगळ्यांच्या आजींची, देखभाल एक मावशी करायच्या. गोल चेहऱ्याच्या, बोलक्या. काका गेल्याचं ऐकून त्यांनी व्हरांड्याकडे पाहिलं.

"तरीच तीन दिवस फोन नाही. आणि इकडे या फोनपासून हलायला तयार नाहीत."

आजी व्हरांड्यात फोनच्या टेबलाशी बसल्या होत्या, केस विंचरलेले, हात मांडीवर. त्यांनी बाईंकडे पाहून ओळखीचं हसू दिलं. ते त्या सगळ्यांनाच देत असाव्यात.

मावशींनी सांगितलं ते असं. ऑपरेशननंतर काका एकदा भेटायला आले होते. आनंदात होते, दोन्ही हात पुढे करून दाखवत होते, बघ, थरथर गेली. पण जीभ जड. आजींना चेहरे केव्हाच ओळखू येईनासे झालेत, त्या काकांना आवाजावरून ओळखायच्या. त्या दिवशी त्यांनी तोंड फिरवलं आणि म्हणाल्या, कोण हा दारू पिऊन आलाय, याला बाहेर काढा. काका गेले ते पुन्हा आलेच नाहीत. दोन महिन्यांपूर्वी एकदम फोन सुरू झाला.

"आणि फोनवर? बोलणं कळायचं?"

"अगदी स्वच्छ. मी स्पीकर लावून द्यायचे ना, आजींना फोन धरता येत नाही. रोज तेच सांगायचे, दोघांची पहिली भेट कशी झाली ते. आजी रोज नव्यानं लाजायच्या." मावशींनी डोळे पुसले. "लाइन मात्र खराब. सारखी खडखड. टकटकटक, कुणी पेन्सिल आपटतंय अशी. आणि आजी रोज विचारायच्या, हात थरथरतायत का हो? ते म्हणायचे, थरथरतायत. मग यांना बरं वाटायचं. म्हणजे माणूस तोच आहे."

करंटबाईंना ती टकटक ओळखू आली. लाइन खराब नव्हती. हलत्या हातातला फोन चष्म्याच्या काडीवर आपटत होता.

५

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं बाई दुसऱ्यांना नेहमी म्हणायच्या. त्या दुपारी विभागात परतल्यावर त्यांनी स्वतःचंच कपाट उघडलं.

प्रत्येक तपासणीला रुग्णाला एका कागदावर गोल गोल वाढत जाणारी वेटोळी काढायला लावायची, ही इथली रीत. कंपवाताची वेटोळी दातेरी येतात, करंट बरोबर असला की गुळगुळीत. समोरची बाजू मोजायची, आकडा तक्त्यात भरायचा, कागद फायलीत टाकायचा. चाळीस रुग्ण, शेकडो वेटोळी. तक्त्यात हातांचे अकरा रकाने होते. आवाजाचा एकही नव्हता.

काकांचे ऑपरेशननंतरचे चार कागद होते. चारही वेटोळी घड्याळातल्या केसासारख्या स्प्रिंगइतकी सुबक. बाईंना आठवलं, त्या वेटोळ्यांचं कौतुक करायच्या तेव्हा काका कागदावर बोट टेकवून काहीतरी पुटपुटायचे. दुसऱ्यांदाही पुटपुटायचे. त्या म्हणायच्या, हो हो काका, फार छान काढलंय. आणि कागद फायलीत जायचा.

त्यांनी पहिला कागद उलटा केला. मागे कोरा.

दुसऱ्याच्या मागे बारीक, नेटक्या अक्षरात लिहिलं होतं: "आवाज फार जड झाला आहे. पत्नी ओळखत नाही. काही करता येईल का?"

तिसऱ्याच्या मागे, म्हणजे ज्या दिवशी त्यांनी सुनेला रिमोट कुलपात ठेवायला सांगितलं त्याच तारखेला: "परवा चुकून मशीन बंद झालं तेव्हा आवाज पूर्वीसारखा आला. मला रोज अर्धा तास तेवढा द्या. हात थरथरले तरी चालतील. सूनबाईला सांगू नये. तिनं या हातांसाठी फार केलं आहे."

चौथ्या कागदाची मागची बाजू कोरी होती. तो महिन्यापूर्वीचा. तोवर त्यांनी विचारणं सोडून दिलं होतं.

बाईंना रडू आलं नाही. त्यांना स्वतःची शिसारी आली. त्या यंत्रात दोन निरनिराळे करंट साठवून ठेवायची सोय होती, एक हातांसाठी, एक बोलण्यासाठी. रुग्णानं बटण दाबून बदलायचं. त्यांनी ती इतरांना करून दिली होती. दहा मिनिटांचं काम. महिन्यापूर्वी चालू-बंदची यादी नुसती उघडून बघितली असती तरीही सगळं कळलं असतं. पण हात इतके सुंदर चालत असताना यादी कोण उघडतं?

मोठ्या डॉक्टरांनी कागद पाहिले, पालथे घातले, पुन्हा सुलटे केले.

"हे अहवालात यायची गरज नाही," ते हळूच म्हणाले. "यंत्र कुणी बंद केलं एवढाच प्रश्न आहे. सुनेकडे किल्ली होती. बाकी त्यांच्या घरचं ते बघतील."

"तिनं केलेलं नाही."

"तुम्ही कशावरून म्हणता?"

"अजून हातात काही नाही," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी चारही कागद पर्समध्ये घातले. सोळा वर्षांत विभागाचा कागद त्यांनी पहिल्यांदाच बाहेर नेला.

६

साडेतीनला त्या पुन्हा काकांच्या खोलीत उभ्या होत्या. मुलगा दारात, नणंद खिडकीशी, सून भिंतीला टेकून. पुढच्या खोलीतलं मशीन बंद होतं आणि त्या शांततेत भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं.

बाईंनी आधी नणंदेकडून घड्याळ मागून घेतलं.

"चुंबक आमच्या धंद्याचा वैरी, असं काका मला म्हणाले होते. त्याच्यापुढचं मी विसरले होते. चुंबकाशेजारी ठेवलेलं घड्याळ पळत सुटतं, आणि मग चुंबक काढलं तरी पळतच राहतं, असं म्हणाले होते ते. हे घड्याळ दोन महिने पळतंय. म्हणजे दोन महिने त्यांच्या खिशात चुंबक होतं. माझ्या कागदानं घरातली सगळी चुंबकं बाहेर काढली, पण एक राहिलं. बाहेरून दिसत नाही असं."

त्यांनी काकांच्याच पेचकसानं रेडिओच्या झाकणाचे चार स्क्रू काढले. आत स्पीकरचा कागदी पडदा होता, तारा होत्या, आणि मागे जिथं चुंबकाची जाड कडी असायला हवी तिथं मोकळी जागा होती.

मग त्या सांगत गेल्या. आवाजासाठी यंत्र बंद करायचं तर रिमोट कुलपात. म्हणून काकांनी स्पीकर सोडवला. रोज पावणेचारला सुनेचं मशीन पुढे घरघरत असताना ते कडी छातीशी धरायचे. यंत्र बंद, हात थरथरायला लागायचे, जीभ मोकळी व्हायची. बोलणं झालं की पुन्हा कडी धरायची, यंत्र चालू. रविवारी मशीन बंद असतं आणि लेक घरी असते. घरात कुणालातरी ऐकू गेलं असतं, म्हणून रविवारी नाही. त्यात छळ नव्हता.

"मग त्या दिवशी चालू का नाही केलं?" नणंदेनं विचारलं.

"हात थरथरत होते ताई. पन्नास वेळा कडी हातात राहिली."

बाई गुडघ्यांवर बसल्या. खुर्ची आडवी पडली होती तिथं त्यांनी एक हात टेकला आणि दुसरा, सुनेनं सांगितला होता तसा, पलंगाखाली घातला. गोल वस्तू पडली तर घरंगळणार, आणि लोखंड दिसलं की त्याला चिकटणार. पलंगाच्या मागच्या पायाच्या आतल्या बाजूला, भिंतीकडच्या अंगाला, त्यांच्या बोटांना थंड कडा लागली. ओढून काढायला जोर लावावा लागला. कडीला सगळीकडून घड्याळाचे बारीक स्क्रू केसांसारखे चिकटले होते.

मुलानं ती कडी हातात घेतली आणि उगाच एकेक स्क्रू काढत राहिला. मग त्यानं बायकोकडे पाहिलं, आणि त्याला पुन्हा मान खाली घालावी लागली.

"मी मशीन जरा थांबवलं असतं तर पडल्याचा आवाज आला असता," सून म्हणाली. तीन दिवस तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाणारी ती बाई आता कुणी आरोप करत नसताना स्वतःवरच आरोप करत होती.

"थांबा," करंटबाई म्हणाल्या. त्यांनी पर्समधून चार कागद काढले आणि पलंगावर मांडले, मागची बाजू वर करून. "रिमोट कुलपात ठेवायला मी सांगितलं. हे त्यांनी मला लिहून दिलं होतं, दोनदा. मी उलटून पाहिलं नाही. अहवालात हेच लिहिणार आहे. तक्रार करायची तर माझी करा."

नणंदेनं कागद वाचले. तिसरा ती दोनदा वाचत होती. सूनबाईला सांगू नये, तिनं या हातांसाठी फार केलं आहे. वाचून झाल्यावर तिनं तो कागद उचलला आणि वहिनीच्या हातात दिला. वहिनीनं माफीची वाट पाहिली नाही. ती ओळीवर बोट ठेवून वाचू लागली.

तेवढ्यात टेबलावरचा काकांचा मोबाइल वाजला. भिंतीवर पावणेचार झाले होते.

मुलगा दगडासारखा उभा राहिला. नणंदेनं तोंडावर पदर धरला. शेवटी सुनेनंच फोन उचलला आणि स्पीकर लावला.

मावशी होत्या. काय करू कळेना म्हणून लावला, म्हणाल्या, आजी जेवल्या नाहीत, फोनपाशीच बसून आहेत. मग खरखर झाली आणि एक बारीक, कोवळा म्हणावा असा म्हातारा आवाज आला.

"ते आहेत का?"

सुनेनं टेबलावरचे चिमटे पाहिले, भिंग पाहिलं, उघडा पडलेला रेडिओ पाहिला.

"कामात आहेत आई," ती म्हणाली. "एक घड्याळ उघडून बसलेत. आज उशीर होईल."

आज खडखड नव्हती. लाइन अगदी स्वच्छ होती.

"घड्याळ उघडलंय?" आजी म्हणाल्या. "म्हणजे हात बरे झाले त्यांचे."

"हो आई," सून म्हणाली. "बरे झाले."